पावसाची कॅसेट

गोष्ट आहे गॅदरिंगच्या तयारीतली. गाण्यांची यादी मंजुरीसाठी माझ्या टेबलावर आली होती. कल्चरल कमिटीत स्टाफतर्फे माझं नाव आहे. का आहे, हे मलाही नीटसं माहीत नाही. बहुधा ज्या मीटिंगमध्ये नावं ठरली तिला मी उशिरा पोचलो म्हणून!

हातात लाल पेन असलं की मास्तरचा हात आपोआप चालायला लागतो. यादीतली दोन गाणी खोडली, तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि ‘तांबडी चामडी’वर आडवी रेघ मारली. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ मधलं हे गाणं तुम्हाला सांगायला नकोच. मराठी शब्द आणि त्याखाली क्लबातला ठेका. मेसमध्ये, बाथरूममध्ये, वर्कशॉपच्या मागे, सगळीकडे ते इतक्या वेळा कानावर पडलंय की आता लेथचा आवाजही मला त्याच तालात ऐकू येतो.

यादी घेऊन आलेला सिव्हिलचा मुलगा तसाच उभा राहिला. म्हणाला, “सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“आमच्या वयाचे असताना तुम्ही काय ऐकायचात?”

मी खुर्चीत जरा सावरून बसलो आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, “गारवा! नाव तरी ऐकलंयस का?”

त्यानं ऐकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी लेक्चर संपल्यावर तो जिन्यात भेटला. रात्रीतून त्यानं अख्खा अल्बम ऐकून काढला होता. म्हणाला, “सर, चांगलाय. खरंच चांगलाय. पण तुमच्या वेळच्या पोरांना पावसाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं का? तुमचं सगळं पावसात, आमचं उन्हात. फरक एवढाच ना?”

एवढं बोलून तो गेला आणि मी जिन्यातच उभा राहिलो. उत्तर नव्हतं म्हणून नाही. पोरानं नकळत नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं म्हणून. त्या बोटाबद्दलच हा लेख आहे.

* * *

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ‘गारवा’ हा १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेला मराठी अल्बम. कविता सौमित्र यांच्या, संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. तेव्हा हिंदीत पॉप अल्बमची लाट जोरात होती. अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ १९९५ मध्ये आला, लकी अलीचा ‘सुनो’ १९९६ मध्ये आणि केकेचा ‘पल’ १९९९ मध्ये. हॉस्टेलच्या शेवटच्या रात्री ‘पल’ वाजवून रडायचं, ही प्रथा आमच्याच पिढीनं पाडली. मराठीत मात्र आमच्यासारख्यांच्या वाट्याला काय होतं? घरच्या रेडिओवर भावगीतं, गणपतीत भजनं आणि लग्नात बँड. सगळं चांगलंच होतं हो. पण ते आई-वडिलांचं होतं, आमचं नव्हतं.

आणि मग ही कॅसेट आली. तिची गंमत अशी की गाणं सुरू होण्याआधी कवी आपल्याशी बोलतो. म्हणजे कविताच म्हणतो, पण अशी, की शेजारच्या कॉटवरचा मित्र रात्री दोन वाजता काहीतरी सांगतोय असं वाटावं. आम्हाला कविता माहीत होती ती दहावीच्या पुस्तकातली. तिच्याखाली ‘रसग्रहण करा’ असा प्रश्न असायचा आणि उत्तर गाइडमध्ये तयार असायचं. परीक्षेत न येणारी कविता असू शकते, ती बोलण्याच्या भाषेत असू शकते आणि ती ऐकताना पोटात काहीतरी हलू शकतं, हे मला या कॅसेटनं पहिल्यांदा दाखवलं. कवितेतून अलगद गाणं सुरू व्हायचं. चाली सोप्या. आंघोळ करताना आमच्यासारख्या बेसुऱ्यांनाही झेपतील अशा. ‘रेझोनन्स’ शिकवताना मी वर्गात झोपाळ्याचं उदाहरण देतो. झोका आपल्या गतीनं जात असतो, त्याच लयीत हलकासा धक्का मिळत राहिला की तो उंच उंच जातो. सतरा-अठराव्या वर्षाची एक अशीच नॅचरल फ्रीक्वेन्सी असते. ‘गारवा’चा हलका धक्का तिच्याशी बरोब्बर जुळला.

मी तेव्हा घाटावरच्या एका कॉलेजात, हॉस्टेलला होतो. नाव सांगत नाही, तिथल्या मेसबद्दल पुढेमागे लिहायचंय. खोलीत आम्ही चौघं आणि टेपरेकॉर्डर एकच, तोही साताऱ्याकडच्या पार्टनरचा. त्यामुळे एकानं लावलं की चौघांनी ऐकायचं, आणि भिंती पातळ असल्यामुळे शेजारच्या चौघांनीही. आजच्यासारखं आवडेल तेवढं ऐकून बाकीचं पुढे ढकलायची सोय नव्हती. कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजायची, मग उलटायची. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. अल्बम म्हणजे एक सबंध संध्याकाळ होती, आणि ती आठ जणांची मिळून एक असायची.

या कॅसेटचे दुरुपयोगही झाले. आमच्या एका मित्रानं त्यातली एक कविता सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि स्वतःची म्हणून एका मुलीला दिली. तिनं शांतपणे वाचली आणि विचारलं, “साइड ए की साइड बी?” तिच्याकडेही तीच कॅसेट होती! माझ्या डिपार्टमेंटमधल्या एका मॅडमना मी हा किस्सा सांगितला तर त्या म्हणाल्या, “आमच्या लेडीज हॉस्टेलात अशा तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. तिन्ही वेगवेगळ्या मुलांच्या, कविता एकच.” हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण त्यातच या गाण्यांचं सगळं गुपित आहे. त्या वयात वाटतं खूप आणि बोलता काहीच येत नाही. अशा वेळी कुणीतरी शब्द उसने देतो. उसने असले म्हणून वाटणं खोटं नसतं.

* * *

इथपर्यंत मी त्या मुलाला सहज सांगू शकलो असतो. पुढचं सांगणं अवघड आहे, म्हणून लिहितोय.

माझं गाव हातखंबा. तुमच्यापैकी निम्मेजण शनिवारी घरी जाताना तिथल्या तिठ्यावर गाडी बदलतात. मुंबई-गोवा महामार्ग, एक फाटा रत्नागिरीला आणि महामार्गानंच पुढे गेलं की पाली, साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. तुम्हाला हातखंबा म्हणजे वडापाव, चहा आणि ‘गाडी कधी येणार’ एवढंच माहीत असेल. तिठ्यापासून आत उतरलं की आमची वाडी आणि वाडीच्या खाली भाताची खाचरं. फार नाहीत. घरापुरता भात व्हायचा, एवढीच.

आता कोकणातला पाऊस काय असतो ते तुम्हा कोकणातल्यांना मी काय सांगू? चार महिने कपडे वाळत नाहीत. चपलांना बुरशी येते. वह्यांची पानं चिकटतात. आणि जूनच्या शेवटापासून जुलैभर लावणी असते. तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, चिखलणी करायची आणि पाठीवर इरलं घेऊन सकाळपासून अंधार पडेपर्यंत वाकून रोपं लावायची. तरवा थांबत नाही. दिवस उलटले की रोप जून होतं, मग लावून उपयोग कमी. म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांत घरात जेवढे हात असतील तेवढे लागतात.

‘गारवा’तला पाऊस हा नव्हता. तो खिडकीतून बघायचा पाऊस होता. मुद्दाम भिजायला बाहेर पडावं आणि घरी येऊन टॉवेलनं डोकं पुसावं असा. ज्याच्या मागे काम नाही, असा पाऊस. मला तो इतका आवडला की मी माझा खरा पाऊस लपवायला लागलो. पार्टनर विचारायचे, “तुमच्या कोकणात पाऊस एकदम भारी असेल ना रे?” मी म्हणायचो, “एकदम!” इरल्याचं, चिखलानं सडलेल्या पायाच्या बोटांचं एक अक्षर बोलायचो नाही. अठरा वर्षं ज्या पावसात वाढलो त्याची मला लाज वाटत होती, आणि विकत आणलेल्या पावसाचा अभिमान.

२००० सालचा जुलै. घरून निरोप आला की शनिवार-रविवारी ये, लावणीला हात कमी पडतायत. आईच्या अंगात ताप होता. मी वाडीतल्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, “सबमिशन आहे, येता येणार नाही.” सबमिशन नव्हतं. खोलीवर धो-धो पाऊस होता, चौघांनी मिळून भजी आणली होती, कॅसेट लावली होती आणि मी खिडकीत बसून पाऊस बघत होतो. अगदी गाण्यातल्यासारखा. त्या दिवशी मला जितकं छान वाटलं तितकं त्या अख्ख्या टर्ममध्ये कधी वाटलं नाही, हेही खरंच सांगतो.

गणपतीला घरी गेलो. १ सप्टेंबरला चतुर्थी होती. वाडीत शिरताना सवयीनं खाली बघितलं. सगळी खाचरं हिरवीगार आणि खालच्या कोपऱ्यातलं एक खाचर तसंच पडलेलं, गवत माजलेलं. तेवढ्यापुरते हात कमी पडले होते. आई तापातच दोन दिवस पाण्यात उभी राहिली होती, हे मला शेजारच्या काकीकडून कळलं. बाबांनी विषयसुद्धा काढला नाही. फक्त एवढंच विचारलं, “सबमिशन झाला काय रे?” मी म्हटलं, “झालं.”

रात्री आरत्या आटपल्यावर मी घरच्या टेपवर कॅसेट लावली. बाबा ओटीवर बसले होते. बाहेर पाऊस कौलांवर वाजत होता, आत टेपमधून पाऊस. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, “पावसाची कॅसेट इकत आणलीस? मग भायेर पडतोय तो काय वायला हाय?”

घरातले सगळे हसले. मीही हसलो. बाबा चेष्टेनं बोलले की आणखी कशानं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पण कॅसेट मी बंद केली आणि त्या सुट्टीत पुन्हा लावली नाही.

* * *

मग काय, ‘गारवा’ वाईट? अजिबात नाही. असं म्हणणं फार सोपं आहे आणि आपण मोठी माणसं ते फार लवकर म्हणतो. आमच्या वेळी आमचे एक सर ‘शुक्रतारा’चे भक्त होते. १९६२ चं गाणं. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते, सुधा मल्होत्रा. ते आमच्या कॅसेटला ‘रडगाणी’ म्हणायचे. आता मी ‘तांबडी चामडी’ला ‘धांगडधिंगा’ म्हणतो. हा लाल पेनाचा वारसा आपण पुढच्यांच्या हाती मोठ्या इमानेइतबारे सोपवतो!

माझं म्हणणं वेगळं आहे. खोटं कॅसेटमध्ये काही नव्हतं. खोटं मी फोनवर बोललो होतो. गाण्यानं मला पाऊस बघायला शिकवलं, ही त्याची माझ्यावरची उधारी आहे. त्याआधी पाऊस म्हणजे फक्त काम होतं. वाकलेल्या माणसाला पाऊस दिसत नाही, पाठीवर लागतो तेवढाच. थांबून त्याच्याकडे बघावं, त्यावर बोलावं, त्यातून कुणाची आठवण यावी, ही चैन आमच्या घरात कुणी केली नव्हती. ती मला मिळाली ती कॅसेटमुळे. चूक एवढीच झाली, की बघायला शिकल्यावर मी ती नजर घेऊन घरच्या खाचराकडे गेलो नाही. तिथे खिडकी नव्हती म्हणून मला वाटलं, तिथे बघण्यासारखं काही नाही.

हे माझं मला समजायला चौदा वर्षं लागली, तीही एका सिनेमामुळे. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ २०१४ मध्ये थिएटरला लागला तेव्हा मी बघायला गेलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. शाळेत जाणारा जब्या, त्याला आवडणारी शालू, आणि गावानं डुकरं पकडायचं काम ज्याच्या घरावर टाकलंय तो त्याचा बाप कचरू. आपल्या माणसांचं ते काम शालूला दिसू नये म्हणून जब्याचा जीव किती कासावीस होतो! त्यांचं दुःख फार मोठं, गावानं आणि जातीनं लादलेलं. माझ्या लाजेशी त्याची तुलना मी करणार नाही. पण बापाच्या कष्टापासून तोंड लपवणारा मुलगा मला चांगलाच ओळखता आला.

कचरूचं काम किशोर कदम यांनी केलंय. आणि किशोर कदम म्हणजेच कवी सौमित्र! मला हे माहीत होतं, तरी थिएटरच्या अंधारात ते नव्यानं लागलं. माझ्या खिडकीतला पाऊस ज्या आवाजानं दिला, तोच माणूस समोर मळक्या कपड्यात बाप होऊन उभा होता. एकाच माणसात दोन्ही मावत होतं. मी मात्र एकासाठी दुसऱ्याला सोडून आलो होतो.

* * *

आता आपल्या हॉस्टेलकडे येतो.

स्टाफरूममधल्या माझ्या मित्रांना एक सांगायचंय. मुलं काय ऐकतात यावरून त्यांची लायकी ठरवू नका. सतराव्या-अठराव्या वर्षी गाणं हे करमणुकीपेक्षा जास्त काही असतं. घर सुटलेलं असतं, भाषा बदललेली असते, पहिल्या सेममध्ये गणितानं दणका दिलेला असतो. या सगळ्याला नाव देता येत नाही, आणि इयरफोनमधलं कुणीतरी ते बोलून दाखवतं. एखादं गाणं आपल्याला आवडलं नाही तर ‘हे काय लावलंय’ असं म्हणायच्या आधी एकदा ‘तुला यातलं काय आवडतं’ एवढं विचारून बघा. मी त्या सिव्हिलवाल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “सर, हे मराठीत आहे आणि तरी पुण्या-मुंबईची पोरं यावर नाचतात. तिथे गेल्यावर मराठी बोलताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. आता नाही होत.” बघा! मी पंचवीस वर्षांपूर्वी ‘गारवा’बद्दल जे सांगितलं असतं, जवळजवळ तेच. मी मारलेली लाल रेघ त्याच्या गाण्यापेक्षा त्या उत्तरावर पडली होती.

आणि मित्रांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. आमच्या खोलीत आठ जणांसाठी एक टेप होता. तुमच्या खोलीत तिघांच्या कानात तीन वेगळी गाणी असतात आणि खोली शांत असते. ही शांतता मला कधी कधी बरी वाटत नाही. पार्टनर काय ऐकतोय हे माहीत नसेल, तर तो कशात आहे हेही बहुधा माहीत नसतं. आठवड्यातून एक संध्याकाळ स्पीकर बाहेर काढा. प्रत्येकानं एक गाणं लावायचं, बाकीच्यांनी पूर्ण ऐकायचं, मध्ये हात लावायचा नाही. तुमचं गाणं मीही ऐकायला येईन. माझी कॅसेट आणणार नाही, वाजवायला काही उरलेलंच नाही.

दुसरं म्हणजे, गाणं तुम्हाला जी नजर देतं ती हॉस्टेलच्या खिडकीपुरती ठेवू नका. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी भात आहे, आंब्याची कलमं आहेत, मच्छीचा धंदा आहे, महामार्गावर टपरी आहे. तुमच्या आवडत्या गाण्यात हे नसेल. नसू दे. गाणाऱ्यानं त्याचं ऊन, त्याचा पाऊस गायला. तुमचा तुम्ही बघायचाय. उद्या त्यावर तुमच्यापैकीच कुणी गाणं केलं तर मला लाल पेन खिशात ठेवावं लागेल, आणि आनंदानं ठेवीन.

बाबा आता थकलेत. खाचरात उतरत नाहीत, बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि लावणाऱ्यांना सूचना देतात, ज्या कुणी ऐकत नाही. लावणीला मी जातो. पाठ दुखते, चिखलात दोनदा पडतो, लोक हसतात. मध्येच थांबून पाऊस बघत उभा राहिलो की बांधावरून हाक येते, “काय बगतोस रं? लाव!”

असो. गाण्यांची यादी पूर्ण मंजूर केली आहे, ‘तांबडी चामडी’सकट. स्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम मात्र कायम. आणि जुलैमध्ये घरून लावणीचा निरोप आल्यावर ज्याला ‘सबमिशन आहे’ असं सांगावंसं वाटेल, त्यानं फोन करायच्या आधी माझ्या केबिनमध्ये यावं. माझ्या विषयाच्या सबमिशनची तारीख मी पुढे ढकलून देईन. बाकीच्या सरांशीही बोलतो.